दात झोपलाय, हळू बोला!

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात कापूस संपतो, हातमोजे संपतात, बक्षीस द्यायचे स्टिकर तर कधी पुरतच नाहीत. किस्से मात्र संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा आत येतो. परवा जेवताना मी एक सांगितला, तर बाबा म्हणाले, "हे लिहून काढ. तू रोज सांगतेस आणि रोज त्यात मसाला वाढतोय!"

म्हणून लिहिते आहे. मसाला आज जेवढा आहे तेवढाच राहील, एवढी हमी!

आधी मी तिथे काय करते ते सांगायला हवं, कारण ते कुणालाच पटकन कळत नाही. बाबा सांगलीहून म्हैसूरला आले ते हूटगळ्ळीच्या एका कारखान्यातल्या नोकरीसाठी. मी इथेच वाढले, मग स्पेनला गेले, दुभाष्याचं शिक्षण घेतलं आणि परत आले. परत आल्याचं कळताच आत्याचा सांगलीहून फोन. "मुक्ता, अग, म्हैसूरला स्पॅनिश कोण बोलतं?"

बोलतात, आत्या! इथे योग शिकायला जगभरातून माणसं येतात, महिनोन्‌महिने राहतात, आणि येताना मुलांनाही आणतात. त्यातली कितीतरी स्पॅनिश बोलणारी. आईबापांना योगाच्या वर्गापुरतं इंग्रजी येतं. "श्वास घ्या, श्वास सोडा" कळतं. पण "डाव्या बाजूच्या दाढेच्या मुळाशी पू झालाय" हे ऐकलं की श्वास तिथेच अडकतो. पोरांना तर तेवढंही इंग्रजी येत नाही. मग जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलतात, पोरं स्पॅनिशमध्ये रडतात आणि मधल्या स्टुलावर मी बसते.

डॉक्टरांना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठीच, पण त्यांच्या मराठीच्या जिन्यात मधली एखादी पायरी हमखास कन्नडची निघते. "सुम्ने बस" म्हणजे गपचूप बस. "स्वल्प सरक" म्हणजे थोडी सरक.

पहिल्या दिवशी मी त्यांना माझं तत्त्व सांगितलं. अगदी मनापासून, उभं राहून सांगितलं. "अक्का, ज्या मुलाला आपल्या तोंडात काय चाललंय ते त्याच्या भाषेत कळत नाही, त्याच्या तोंडात हत्यार घालायचा कुणालाही हक्क नाही!"

अक्कांनी मान वर केली. खुर्चीत एक पोर आ वासून बसलं होतं.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "आता स्वल्प सरक. उजेड अडवतेस."

* * *

दुभाष्याचे दोन नियम असतात. पहिला: समोरचा "मी" म्हणाला, तर आपणही "मी"च म्हणायचं. "तो म्हणतोय की त्याला दुखतंय" असं नाही, सरळ "मला दुखतंय." दुसरा: खोलीत जे जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. गाळायचं काही नाही, घालायचं काही नाही. हे नियम मी इतके घोटलेत की कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण आमच्या दवाखान्यात त्यांनी जो धुमाकूळ घातलाय, तो माझ्या प्राध्यापकांना कळला तर ते अभ्यासक्रम बदलतील!

पहिलाच पेशंट ब्रुनो. अर्जेंटिनाचा, वय पाच. खुर्चीत बसताक्षणी त्याने ओठ काढला आणि तो स्पॅनिशमध्ये पुटपुटला. मी लगेच अक्कांना इंग्रजीत सांगितलं, "माझा दात हलतोय आणि मला आई पाहिजे."

अक्कांच्या मदतीला शिवम्मा असते. तिला इंग्रजी बेताचं येतं, पण एवढं येतं. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढी मोठी मुलगी, कामाचा पहिला दिवस, आणि आई पाहिजे! तिने हातातला ट्रे खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हेदरबेड पुट्टी, हेदरबेड." घाबरू नको बाळा!

मी तिला समजावणार, तेवढ्यात ब्रुनो पुढचं बोलला. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, "मला इथे अजिबात आवडत नाही. मला घरी जायचंय."

बाहेर काउंटरवर गिरीश बसतो. मुलगा अत्यंत कामसू. त्याने हे दारातून ऐकलं.

संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच उभी. "अग, काय झालंय तुला? दवाखान्यातून फोन आला होता. म्हणे, मुक्ता मॅडमचा दात हलतोय, त्या घाबरल्यात, येऊन घेऊन जा!"

* * *

अमेरिकन पुस्तकांत लहान मुलांच्या दातांना "बेबी टीथ" म्हणतात, आणि अक्कांनाही तीच सवय. स्पॅनिशमध्ये मात्र "दिएन्तेस दे लेचे", म्हणजे शब्दशः आपले दुधाचे दात. कन्नडमध्येही तेच, "हालु हल्लु." हे लक्षात आल्यावर मला इतका आनंद झाला की मी तो दवाखान्यात सगळ्यांना वाटत सुटले. समुद्रापलीकडच्या माणसांना आणि आपल्याला एकच गोष्ट सुचली, म्हणजे बघा! वगैरे. अक्का म्हणाल्या, "दूध सगळीकडेच मिळतं ग."

पण ब्रुनोचं वेगळंच झालं. त्याने इथल्या खेळायच्या मैदानावर थोडं इंग्रजी उचललं होतं. अक्का म्हणाल्या, "लेट मी सी युअर बेबी टीथ." बाकी काही कळलं नाही, पण "बेबी" बरोबर कळलं. त्याने तोंड मिटलं, खुर्चीतून उतरला आणि दाराकडे निघाला. जाता जाता माझ्यामार्फत निरोप: "बाळाचे दात बघायचे असतील, तर माझ्या बहिणीला बोलवा."

अक्का उठून त्याच्या मागे गेल्या. "सॉरी सर. चूक झाली. तुमचे मोठे दात बघू का?"

तो परत आला. त्या दिवसापासून आमच्याकडे बेबी टीथ हा शब्द बंद आहे. अक्का म्हणतात, "सरांचे दात."

* * *

स्पॅनिश एकच, पण देश पुष्कळ, आणि दात भरण्याला प्रत्येक देशात वेगळा शब्द! हे मला पुस्तकातून माहीत होतं. दवाखान्यात ते अंगावर आलं.

एका दुपारी बाहेरच्या बाकावर तीन आया होत्या. ब्रुनोची आई, एक कोलंबियाची, आणि स्पेनहून आलेली इनेस, अल्माची आई. मी दाराशी येऊन स्पेनमधला शब्द वापरून विचारलं, "दात कोणाचा भरायचाय?" कोलंबियाच्या बाई म्हणाल्या, असं आम्ही म्हणत नाही. ब्रुनोची आई म्हणाली, आम्हीही नाही, आम्ही असं म्हणतो. इनेस म्हणाली, ते तर ऐकायलाही विचित्र वाटतं. कोलंबियाच्या बाई उभ्याच राहिल्या. हात हवेत, आवाज वर, आणि मी मधे शब्दकोशागत उभी! "तुम्ही सगळ्याच बरोबर आहात," असं मी तिघींना तीनदा सांगितलं. यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही, हे तेव्हा कळलं.

आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. "काय की? कुणाचा दात दुखतोय?"

"दुखत नाहीये अक्का. दात भरण्याला काय म्हणायचं, यावर वाद चाललाय."

अक्कांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग भरू, की आधी बारसं करून घ्यायचं?"

* * *

त्या बाकाच्या टोकाला तेव्हा एक मुलगी बसली होती. वय सहा, दोन वेण्या, आणि उजव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट. भांडण चालू होतं तेव्हा तिने ते मनापासून बघितलं, पण हात काढला नाही. ती अल्मा.

तिचं दुखणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खालची एक दुधाची दाढ पार किडलेली. गाल एकदा सुजून झाला होता, औषधाने उतरला आणि परत सुजला. ती एकाच बाजूने जेवायची, कधीकधी जेवायचीच नाही. दाढ काढावी लागणार हे स्पष्ट होतं, आणि महिनाअखेरीला त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी काढली नाही तर वाटेत कुठेही पुन्हा सूज येऊ शकली असती. इथे तोंड उघडलं नाही, तर मोठ्या रुग्णालयात नेऊन पूर्ण भूल द्यायची, हा दुसरा रस्ता. तो ऐकल्यापासून इनेसची झोप उडाली होती. नवरा स्पेनमध्ये, ही इथे एकटी.

अक्का म्हणाल्या, "इकडे दे तिला. माझ्यापुढे तोंड न उघडलेलं पोर अजून जन्मायचंय."

मग त्यांचे एकेक खेळ सुरू झाले. आरसा दाखवला. आधी बाहुलीचे दात मोजले, मग माझे मोजले. शेवटी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मी काही करणार नाही. नुसती बघणार."

मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. अल्मा हाताच्या आडूनच बोलली. मी अक्कांकडे वळून म्हटलं, "आधीची डॉक्टर पण हेच म्हणाली होती."

अक्का हसल्या, पण जरा उशिराने.

"जन्मलं की ग," त्या म्हणाल्या.

* * *

ब्रुनोला एक दात भरायचा होता. बरोबर वडील आले. साडेसहा फुटी माणूस, दंडावर ॐ गोंदलेला, योगाच्या वर्गात म्हणे डोक्यावर तासभर उभा राहतो. मुलाचा हात धरून खुर्चीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, याला काळजी वाटू देऊ नका, मी आहे."

अक्कांनी सुई हातात घेतली आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मला मराठीत हळूच म्हणाल्या, "बाप पडणार, नोड."

नोड म्हणजे बघ. आणि दुसरा नियम म्हणजे सगळं सांगायचं. मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, "तुझे बाबा आता..."

वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते पूर्ण आडवे होते!

शिवम्माने पाणी मारलं. ब्रुनो खुर्चीतून उतरला, वडिलांना उठवायला मदत केली, त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या छातीवर पेशंटचा कागदी रुमाल लावला. मग अक्कांकडे वळून माझ्या तोंडून म्हणाला, "आज यांचंच करा. मी उद्या येतो."

* * *

दुसऱ्या दिवशी वडिलांना बाहेर बसवलं.

बधिर करण्याला अक्का मुलांच्या भाषेत "दाताला झोपवणे" म्हणतात. स्पॅनिशमध्येही तसंच म्हणतात, त्यामुळे मला काहीच कष्ट नव्हते. ब्रुनोने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमचं काम चालू असताना तो जागा झाला तर?"

अक्का म्हणाल्या, "म्हणूनच आपण हळू बोलायचं."

संपलं! ब्रुनोने ओठांवर बोट ठेवलं. अक्का कुजबुजायला लागल्या, मी कुजबुजत भाषांतर करायला लागले, शिवम्मा चपला काढून अनवाणी फिरायला लागली. गिरीशचा फोन वाजला, तर ब्रुनोने दाराकडे असं पाहिलं की गिरीशने तो पोटाशी दाबला. बाहेर वडिलांना बातमी पोचली. त्यांनी सबंध बाकाला हाताने गप्प केलं. दोन आज्या पुटपुटत जप करत होत्या, त्याही मनातल्या मनात करायला लागल्या.

आणि नेमका तेव्हाच खाली एक रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. सवारी खाली येईना, म्हणून हात हॉर्नवरून काढेचना.

शिवम्मा तशीच अनवाणी बाल्कनीत गेली आणि खाली वाकून, जयलक्ष्मीपुरमच्या चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ए! हल्लु मलगिदे री!"

अहो, दात झोपलाय!

रिक्षावाल्याने वर पाहिलं. हात जोडले. आणि रिक्षा ढकलत पुढे नेली!

* * *

अल्मा दुसऱ्यांदा आली तेव्हा गाल पुन्हा फुगलेला होता. हात तोंडावर तसाच. या वेळी खेळ वगैरे काही नाही. अक्कांनी सरळ मला मराठीत सांगितलं, "तिला म्हण, काही दुखणार नाही. मुंगी चावल्यासारखं, बस्स."

मी अल्माकडे पाहिलं आणि परत अक्कांकडे वळले.

"अक्का, हे खरं नाहीये."

"अय्यो! माहितीये की मला."

"मग मी कसं सांगू? तिला आधी कुणीतरी फसवलंय, म्हणून तर तिने तोंड बंद केलंय!"

"मुक्ता, इथे डॉक्टर कोण?"

"तुम्ही."

"मत्ते? सुम्ने सांग तिला!"

आवाज चढले होते. अल्मा एकदा अक्कांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग हाताच्या आडून तिने विचारलं, "त्या काय म्हणतायत?"

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. मी श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. "डॉक्टर म्हणाल्या, हिला सांग दुखणार नाही. मी म्हटलं, हे खरं नाही. त्या म्हणाल्या, मला माहितीये. मी म्हटलं, हिला आधी कुणीतरी फसवलंय. त्या म्हणाल्या, इथे डॉक्टर कोण. मी म्हटलं, तुम्ही. त्या म्हणाल्या, मग गपचूप सांग."

इनेसचा चेहरा पांढरा पडला. शिवम्माला काही कळलं नाही, पण काहीतरी भयंकर झालंय हे कळलं.

आणि अल्मा हसली. आधी डोळे हसले, मग खांदे. मग तोंडावरचा हात सुटला आणि ती मागे डोकं टाकून, तोंड उघडं टाकून खो खो हसत सुटली!

अक्का विजेसारख्या पुढे वाकल्या. "दिसली!" त्या ओरडल्या. "दिसली दाढ!"

* * *

त्या दिवशी दाढ निघाली नाही, नुसती दिसली. सूज उतरेपर्यंत थांबायचं होतं. मायलेकी गेल्यावर अक्कांनी कॉफी मागवली. मला वाटलं, आता मला नारळ मिळणार.

"तू दुभाषी आहेस, की चहाडखोर?"

मी कॉफीत साखर ढवळायला लागले.

"आणि एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "मुंगी चावेल, दात झोपेल, हे खोटं नाही ग. लाड आहेत ते. माझी आजी असंच बोलायची, आई असंच बोलायची. पोराला सुई दाखवून 'ही सुई' म्हणायचं, हे मला जमलेलं नाही कधी."

"पण अल्माला लाड नकोयत, अक्का. तिला खरं पाहिजे."

"हौदा?" म्हणजे, असं का? त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ब्रुनोला सांगितलं असतं खरं, तर त्या दिवशी दोन माणसं पडली असती!"



* * *

मधल्या काळात उंदराचं प्रकरण झालं.

स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत पडलेला दुधाचा दात उशीखाली ठेवतात. रात्री उंदीर येतो, दात नेतो आणि भेट ठेवून जातो. आपल्याकडे दात छपरावर फेकतात, कुठे उंदराच्या बिळात टाकतात आणि त्याच्यासारखे बळकट दात मागतात. म्हणजे दोन्हीकडे उंदीरच! फरक एवढाच, की आपला उंदीर देवाणघेवाणीत जरा हात आखडता घेतो.

ब्रुनोने हे सगळं बाकावर बसून, हातवारे करून, शेजारच्या तेजसला समजावलं. तेजस पहिलीतला. त्याचे वडील पाटीलसाहेब कोल्हापूरचे, इथल्या कडकोळच्या कारखान्यात इंजिनिअर. भाषांतर करायला मी होतेच. केलं.

दोन दिवसांनी पाटीलसाहेब तणतणत आले. "मॅडम, आमच्या पोराला काय शिकवलंत? आमच्या अपार्टमेंटला कौलं नाहीत, तरी मी आजवर प्रत्येक दात लिफ्टने गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीवर फेकलाय. आमचा रिवाज मोडू नये म्हणून! आता हा म्हणतो, उशीखाली ठेवणार. आमच्या उंदराशी माझं जमत नाही म्हणतो!"

अक्का म्हणाल्या, "ठेवू दे की हो. काय बिघडलं?"

पाटीलसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं, काउंटरवर वाकले आणि आवाज उतरवून विचारलं, "तो उंदीर साधारण काय ठेवतो? चॉकलेट चालेल?"

"चालेल," अक्का म्हणाल्या. "मग पुढचा दात तो थेट माझ्याकडेच पाठवेल."

* * *

अल्मा तिसऱ्यांदा आली ती विमानाच्या आदल्या आठवड्यात. सूज उतरली होती. हात तोंडावर नव्हता, पण ओठ मिटलेले. खुर्चीत चढायच्या आधी तिने अक्कांसमोर उभं राहून दोन अटी सांगितल्या आणि मी त्या "मी" म्हणून सांगितल्या. "प्रत्येक गोष्ट करायच्या आधी तू मला खरं सांगायचं. आणि मी हात वर केला की थांबायचं."

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "कबूल."

अल्मा चढून बसली. इनेसने तिचा एक हात धरला. शिवम्मा लाळ ओढायचा पाइप घेऊन तयार.

"हे हिरडीला लावायचं जेल," अक्का इंग्रजीत म्हणाल्या. प्रत्येक शब्द त्यांच्या तोंडून जड निघत होता. "याला केळ्याची चव आहे असं लिहिलंय. तशी ती नाही. घाणेरडी आहे."

मी सांगितलं. अल्माने जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. खरं होतं.

"आता सुई." अक्का थांबल्या. "ही दुखेल. फार वेळ नाही, पण दुखेल. मग बधिर होईल. मग मी दाढ ओढेन, तेव्हा दुखणार नाही. पण जोर लागेल आणि कर्र असा आवाज येईल. तो तुला आवडणार नाही."

मी सगळं सांगितलं, कर्र पण सांगितलं. इनेसने डोळे मिटले. अल्माने नाही. ती अक्कांकडे टक लावून बघत होती. मग तिने काहीतरी विचारलं.

मी अक्कांना म्हटलं, "तुला भीती वाटते का?"

इतर कुणी हे विचारलं असतं, तर अक्कांनी त्याला हसवून सुई टोचलीसुद्धा असती. पण त्यांनी हातातली सुई खाली घेतली. मास्कच्या वर नुसते डोळे. शेवटी बोलल्या त्या इंग्रजीत नाही.

"हो," त्या मराठीत म्हणाल्या. "इतकी लहान पोर खुर्चीत असली की वाटते. अजून वाटते."

मी अल्माला सांगितलं. तिने भुवया वर केल्या, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग तूही कुणाचातरी हात धर. मी आईचा धरलाय."

"मला दोन्ही हात कामाला लागतात," अक्का म्हणाल्या.

हे मात्र अवघड होतं. अल्माने खोलीभर पाहिलं. शिवम्माचे हात पाइपला. माझे मोकळे, पण मी लांब स्टुलावर. मग तिने आपला मोकळा हात पुढे केला, अक्कांच्या कोटाचा खालचा कोपरा मुठीत घेतला आणि घट्ट धरला.

"झालं," ती म्हणाली. "आता कर."

आणि तिने तोंड उघडलं.

सुई दुखली. डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं, पण हात वर झाला नाही. त्या हातात कोट होता. मग बधिर होईपर्यंत आम्ही थांबलो. कुणी कुजबुजलं नाही, कुणी काही खेळ केला नाही. मग अक्का वाकल्या, जोर लागला, कर्र आवाज आला, तो कुणालाच आवडला नाही, आणि दाढ ट्रेमध्ये टण्‌कन पडली.

अक्कांनी कापसाचा बोळा दाढेच्या जागी ठेवला. "घट्ट चाव," त्या म्हणाल्या. "बोलायचं नाही."

अल्माने चावला आणि लगेच बोलली. बोबडं, कापसातून, पण मला कळलं. मी अक्कांना विचारलं, "गेली का भीती?"

"गेली," अक्का म्हणाल्या.

इनेस रडत होती. शिवम्मा डोळे पुसत होती. बाहेर पुढचं पोर आत्ताच रडायला लागलं होतं आणि गिरीश दारातून डोकावून घड्याळ दाखवत होता. अल्माची मूठ कोटावर तशीच. तिने वर पाहून कापसातून पुन्हा काहीतरी विचारलं.

"सोडू का?" मी म्हटलं.

अक्कांनी हातमोजे काढले. एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा त्या मुठीकडे.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या.